कागद सोपा कोणी करायचा?

मूत्रपिंडाचा रुग्ण दवाखान्यातून घरी निघतो तेव्हा त्याच्या हाती डिस्चार्ज कार्ड पडतं. वर नाव, वय, आयपीडी नंबर, मग निदान, मग क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, पोटॅशियमचे आकडे, मग गोळ्यांची यादी, आणि अगदी तळाला, सही-शिक्क्याच्या जरा वर, इंग्रजीत दोन शब्द : अव्हॉइड एनएसएआयडीज. लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरच्या लेखी सल्ला देऊन झाला. रुग्ण लोह्याच्या नाही तर अहमदपूरच्या एसटीत बसतो, गावी पोचतो. काही दिवसांनी गुडघे धरतात. गावात डॉक्टर आहे, त्याच्याकडे जाऊन तो सुई घेतो, आणि ती सुई बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकची असते. कार्डावर टाळायला सांगितलेलं औषध ते हेच.

मूत्रपिंडात पुरेसं रक्त पोचत राहावं म्हणून शरीर काही द्रव्यं तयार करत असतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या एनएसएआयडी जातीची औषधं दुखणं थांबवतात ती अशी द्रव्यं कमी करूनच. धडधाकट माणसाला एखाद्या गोळीनं सहसा काही होत नाही. पण ज्याच्या किडनीची ताकद आधीच निम्म्यावर आली आहे आणि जो एप्रिल-मेच्या उन्हात रानात राबून अंगातलं पाणी आटवून बसला आहे, त्याला दोन-चार सुया फार महागात पडू शकतात. डायलिसिस काही वर्षं लांबणार की अलीकडे येणार, यात त्या तळाच्या ओळीचा मोठा वाटा असतो. साऱ्या कार्डात रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेली गोष्ट तेवढीच, आणि नेमकी तीच त्याला वाचता येत नाही.

हेच कार्ड आज चॅटजीपीटी किंवा जेमिनायसारख्या एआयला दिलं आणि ‘हे रुग्णाला कळेल असं सांग’ म्हटलं, तर काही सेकंदांत उत्तर येतं. नीट बसवलेलं यंत्र असेल तर ते असं काही लिहू शकतं : ‘तुमच्या किडन्या कमी काम करतात. गुडघा दुखो, कंबर दुखो, डोकं दुखो. दुखण्याची गोळी किंवा सुई आम्हाला विचारल्याशिवाय घेऊ नका. गावातल्या डॉक्टरांना आधी हे कार्ड दाखवा आणि किडनीचा त्रास आहे म्हणून सांगा. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं, पण किती घ्यायचं ते आम्हाला विचारा.’ यात नवं वैद्यकीय ज्ञान काहीच नाही. सगळं त्या दोन इंग्रजी शब्दांत होतंच. ते उलगडून सांगायला कोणाला वेळ नव्हता. हे उलगडण्याचं काम यंत्राला जमतं, ही गोष्ट मराठवाड्यासाठी मी फार मोठी मानतो. एआय रोगाचं निदान करील का, डॉक्टरची जागा घेईल का, यावर शहरांत चर्चासत्रं होत असतात. नांदेड-लातूरच्या रुग्णाची गरज त्याहून साधी आहे आणि तातडीची आहे. डॉक्टरनं जे ठरवलं ते त्याला कळावं.

पण हे यंत्र कोणाच्या हातात असावं, यावर सगळं अवलंबून आहे. आज ते रुग्णाच्या, खरं तर त्याच्या पुतण्याच्या हातात आहे. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये कुठल्याही दिवशी जा. रुग्णाच्या हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तीत एक्स-रे, सोनोग्राफी, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. आणि बरोबर कॉलेजात शिकणारं एखादं पोरगं. घरातलं शिकलेलं तेवढंच, म्हणून काकाच्या आजाराचा सगळा भार त्याच्यावर. पूर्वी तो मेडिकलवाल्याला विचारायचा, आता रिपोर्टचा फोटो काढून मोबाइलला विचारतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, त्यानंतर हे इतकं झपाट्यानं अंगवळणी पडलं की कोणी परवानगी दिली नाही आणि कोणी हरकतही घेतली नाही. मी त्या पोराला दोष देणार नाही. त्याच्याशी दोन मिनिटं बोलायला दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

तरीही ही वाट भरवशाची नाही, आणि त्याचं कारण यंत्राच्या अज्ञानात शोधायला गेलं तर सापडत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १,२९८ सामान्य माणसांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये पुढे आले. आजाराचे काही प्रसंग लिहून दिले आणि काय झालं असेल, कुठं जायचं, हे ठरवायला सांगितलं. एकट्या एआयला तेच प्रसंग दिले तेव्हा त्यानं जवळजवळ ९५ टक्के वेळा आजार ओळखला. माणसं तेच एआय हाताशी घेऊन बसली तेव्हा मात्र योग्य आजारापर्यंत पोचण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांच्याही आत राहिलं; एआय न वापरणाऱ्यांपेक्षा त्यांची कामगिरी सरस ठरली नाही. काय सांगायचं हे माणसांना उमगत नव्हतं, आलेल्या उत्तरातलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं तेही कळत नव्हतं. ही इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशातली गोष्ट. कंधार किंवा औराद शहाजानीच्या घरातल्या पोरानं अर्धवट फोटो काढून, मराठीत इंग्रजी मिसळून, काकाला कधीपासून किती गोळ्या चालू आहेत हे माहीत नसताना विचारलं, तर उत्तर किती कामाचं येणार? यंत्रापुढं माहिती अर्धी जाते आणि यंत्र उत्तर पुरं देतं. धोका तिथं आहे.

आता दुसरी बाजू पाहा. न्यूयॉर्कमधल्या एनवाययू लँगोन या रुग्णालयसमूहात डिस्चार्जचे ५० सारांश एआयकडून सोप्या भाषेत लिहून घेतले. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ सारांश समजायला अकरावीपर्यंतचं शिक्षण लागावं असा होता, सोपा केलेला सहावीच्या मुलाला वाचता येईल असा झाला. समजण्याजोगेपणाच्या एका ठरलेल्या मोजपट्टीवर मूळ कागदांना सरासरी १३ टक्के मिळाले होते, नव्यांना ८१. इतका फरक पाहून कोणीही हुरळून जाईल. पण प्रत्येक कागद दोन डॉक्टरांनी तपासला होता, आणि त्या १०० तपासण्यांपैकी १८ मध्ये रुग्णाच्या सुरक्षेला धोका होईल अशी काही उणीव निघाली. बहुतेक ठिकाणी यंत्रानं काहीतरी गाळलं होतं. काही ठिकाणी मुळात नसलेलंही घातलं होतं.

गाळणं ही इथली खरी भीती आहे. चुकीचं वाक्य निदान खटकू तरी शकतं. नसलेलं वाक्य कोणाला खटकणार? अव्हॉइड एनएसएआयडीज ही ओळ तळाला आहे, छोटी आहे, आणि ‘सोपं कर’ म्हटल्यावर जे वगळण्याजोगं वाटतं अशातलीच आहे. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट घ्या. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात, माणूस दगावूही शकतो. कार्डावर त्या गोळीपुढं ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच लिहिलेलं असतं. सोपं करण्याच्या नादात तेवढं निसटलं तर बाकीचा कागद कितीही गोड भाषेत असला तरी तो घातक आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की, कागद सोपा करण्याची जबाबदारी कागद देणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नव्हे. यंत्र वापरायचं तर ते दवाखान्यानं वापरावं, रुग्ण खाटेवर असतानाच वापरावं, आणि त्यातून निघालेला मराठी कागद डॉक्टरनं वाचून त्याखाली सही करावी. मूळ कार्डाइतकीच त्या सहीची किंमत असावी. औषधाचं नाव, मात्रा, किती वेळा, किती दिवस या चार गोष्टींना यंत्रानं हात लावू नये. त्या मूळ नोंदीतून जशाच्या तशा उतराव्यात. धोक्याच्या सूचनांची वाक्यंही दर वेळी नव्यानं लिहून घेऊ नयेत. तेच कार्ड दोनदा दिलं तर यंत्र दोनदा वेगळं लिहितं, हा त्याचा स्वभाव आहे. तज्ज्ञांनी एकदा पारखलेली दोनशे-तीनशे वाक्यं तयार असावीत आणि कुठल्या रुग्णाला त्यांतली कुठली लागू आहेत एवढं यंत्रानं सुचवावं. उरलेल्या भागात, म्हणजे आजार काय आहे, तपासणीत काय निघालं, पुन्हा कधी यायचं, यात त्याला मोकळीक द्यावी. असं बांधून घेतलेलं यंत्र पाहायला फारसं चमकदार वाटणार नाही, याची मला कल्पना आहे.

डॉक्टरची भाषा एक आणि रुग्णाची दुसरी, हे इथं इंग्रजीपासून सुरू झालेलं नाही. नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतं. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं. त्याच्या आधीच, १९१७ मध्ये, स्वतंत्र भाषांतर विभाग काढून विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणायला सुरुवात झाली होती, आणि पुढं वैद्यकही तिथं उर्दूतून शिकवलं गेलं. देशी भाषेत आधुनिक वैद्यक शिकवता येतं, हे त्या विद्यापीठानं करून दाखवलं, आणि त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण भोकरच्या किंवा निलंग्याच्या मराठी शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? शिकणाऱ्याची सोय झाली, रुग्ण होता तिथंच राहिला. निजाम गेला, उर्दू गेली, इंग्रजी आली. रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर एक न कळणारी भाषा जाऊन दुसरी आली. आज लातूर आणि नांदेड ही नीटच्या शिकवण्यांची मोठी केंद्रं आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली कितीतरी मुलं इथून दर वर्षी एमबीबीएसला जातात. पाच-साडेपाच वर्षांनी त्यांतलाच एखादा मुलगा स्वतःच्या आईला तिच्या आजाराबद्दल मराठीत सलग चार वाक्यं सांगताना अडखळतो. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला ते कोणी शिकवलं नाही आणि परीक्षेत विचारलंही नाही.

कायद्याच्या बाजूनं बघितलं तर गोष्टी पुढं सरकल्या आहेत. औषधाची चिठ्ठी वाचता येईल अशी, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावी, अशी दुरुस्ती तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये केली. २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं वाचता येण्याजोगी चिठ्ठी हा रुग्णाचा मूलभूत हक्क असल्याचं म्हटलं. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नियम बदलून त्यांत रुग्णहक्कांची सनद घातली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत तर माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा पातळीवर द्यावी, असं स्पष्ट लिहिलं आहे. भिंतीवर सनद टांगलेली असते. तिच्याखालच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या हातातला कागद मात्र अजून इंग्रजीतच आहे, फार तर आता संगणकावर छापलेल्या सुवाच्य इंग्रजीत.

इथवरचं वाचून असं वाटू शकेल की सोपं झालं की काम झालं. तसं मला मुळीच वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यांतल्या अनेक तरुण होत्या. या बायकांना माहिती कठीण भाषेत दिली गेली होती का? नाही. अनेकींना सांगितलं गेलं ते अगदी सोपं होतं : पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. मराठी स्वच्छ, वाक्य छोटं, कोणालाही कळेल असं. अंगावरून पांढरं जाणं गोळ्यांनीही बरं होऊ शकतं, पाळीच्या त्रासावर इतर उपाय आहेत, कॅन्सरची शंका असेल तर आधी साधी तपासणी करता येते, कमी वयात गर्भाशय काढल्यानं आणि त्याबरोबर अंडाशयंही गेली तर हाडं-हृदयावर काय परिणाम होतात, यातलं पुष्कळ अनेकींना कळलंच नाही. त्यामागं फडावरचं जगणं होतं, एक खाडा झाला की मुकादम कापून घेतो ती मजुरी होती, पाळीच्या दिवसांत आडोसाही नसलेली पालं होती. सोपी माहिती ही खरी माहिती असतेच असं नाही, आणि ती पुरी माहिती तर फारच क्वचित असते.

सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये एका महिलेच्या अशाच प्रकरणात, तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय गर्भाशय आणि अंडाशयं काढल्याबद्दल, निकाल दिला. संमती खरी ठरायची तर रुग्णाला उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे पुरेसं सांगितलेलं असलं पाहिजे, असं त्यात आहे. एआयच्या बाबतीत मला हा निकाल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण यंत्राला चुकीचा सल्ला दिला तर ते तो चुकीचा सल्लाही उत्तम मराठीत सोपा करून देईल. ‘पिशवी काढणं गरजेचं’ हे वाक्य ते आणखी गोड आणि विश्वासू करील. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदात यंत्रानं पर्यायांचा रकाना कोरा आहे हे दाखवून दिलं पाहिजे, आणि रुग्णाच्या कागदावर डॉक्टरला विचारायचे प्रश्न छापले पाहिजेत : हे नाही केलं तर काय होईल? दुसरा उपाय आहे का? किती दिवस थांबलं तर चालेल? हे तीन प्रश्न छापील कागदावर असले की दबून बसणारी बाईसुद्धा त्यांवर बोट ठेवू शकते. खासगी दवाखान्यांना हा भाग आवडणार नाही. तो नको असलेल्या दवाखान्याला सोपं करणारं यंत्र देऊच नये, असं माझं मत आहे.

आता भाषेचा प्रश्न. एआयचं बहुतेक वाचन इंग्रजीतलं आहे, मराठी त्याच्या वाट्याला त्या मानानं फार थोडी आली आहे. म्हणून त्याचं मराठी कधी शासकीय परिपत्रकासारखं होतं, कधी हिंदीच्या वळणावर जातं. आरोग्याचे प्रश्न इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि हिंदीत विचारून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंग्रजीतली उत्तरं सर्वांत चांगली निघाली आणि एकच प्रश्न पुन्हा विचारल्यावर इतर भाषांत उत्तर बदलण्याचं प्रमाणही वाढलं. हिंदीची ही गत असेल तर मराठीबद्दल सावध राहणंच शहाणपणाचं. शिवाय आमच्याकडे भाषा एकच नाही. उदगीर-निलंग्याकडे घरात कानडी बोलतात, देगलूर-बिलोली-धर्माबादेत तेलुगू, किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर बंजारा, आणि नांदेड शहरात दखनी. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये भाषिणी हा भाषांतराचा प्रकल्प सुरू केला, त्याचा मुख्य भर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर आहे. गोंडी, कोलामी आणि बंजारा त्या यादीत नाहीत. किनवटच्या कोलाम बाईला यंत्र उद्या काही सांगणार नाही. तिला तिच्या पाड्यावरची आशाताईच सांगेल. तिथं यंत्राचा उपयोग आशाताईला मराठीत स्वच्छ टिपण देण्यापुरताच आहे, आणि तोही कमी नाही.

वाचण्यापेक्षा ऐकण्याची सोय मला जास्त मोलाची वाटते. ज्यांना मधुमेह, रक्तदाब, किडनी, लकवा यांचा त्रास आहे ती पिढी बरीचशी अंगठ्याची किंवा जेमतेम सही करणारी आहे, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना मराठी कागद दिला तरी तो वाचणारा पुन्हा तो पुतण्याच. आवाजात ऐकवता येणं हे एआयनं आता पुष्कळ सुलभ केलं आहे. पण ऐकवायचं कुठं? बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, एचआयव्हीची तपासणी, गर्भपाताचा कागद घरच्या पुरुषाच्या फोनवर वाजला तर तिला माहिती मिळाली म्हणायचं की तिचं गुपित फुटलं म्हणायचं? एचआयव्हीच्या बाबतीत गोपनीयतेचं बंधन २०१७ च्या कायद्यानं घातलं आहे, आणि डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. दोन्ही कायदे घरातल्या एकाच सामाईक मोबाइलपुढं लंगडे पडतात. म्हणून वॉर्डात, नर्सच्या टेबलाशेजारी, कानाला लावून ऐकायची सोय हवी. तिला हवं तेवढ्या वेळा ऐकू द्यावं, आणि फोनवर काय पाठवायचं हे तिनं ठरवावं. काढलेला फोटो परदेशातल्या कुठल्या संगणकावर जाऊन पडतो, हा प्रश्न आहेच. पण गावात बाईला आधी जावेची आणि सासूची धास्ती असते.

हे सगळं वाचून नांदेडचा माणूस एक प्रश्न विचारेल, आणि तो त्यानं विचारायलाच हवा. २०२३ च्या ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर दरम्यानच्या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालकं होती. पुढच्या चोवीस तासांत हा आकडा ३१ वर गेला. औषधं, खाटा, परिचारिका यांच्या तुटवड्यावर तेव्हा सगळा महाराष्ट्र बोलला, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. जिथं शेजारच्या जिल्ह्यांतून आणि पलीकडच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात, जिथं एका परिचारिकेच्या वाट्याला किती जीव येतात ते विचारू नये, तिथं कार्ड सोपं करणाऱ्या यंत्राची भाषा करणं म्हणजे मूळ दुखणं सोडून भलतीकडे मलम लावणं नव्हे का? ३३ लाखांवर लोकसंख्येच्या जिल्ह्याला आधी माणसं हवीत, हे मला शंभर टक्के मान्य आहे. यंत्र आणलं म्हणून एकही परिचारिकेचं पद रिकामं ठेवायला कोणी निमित्त केलं, तर ते यंत्र त्याच दिवशी परत पाठवावं. मात्र तुटवडा आहे म्हणूनच समजावून सांगण्याचं काम पहिल्यांदा मागं पडतं, हेही तितकंच खरं. सलाईन लावायचं थांबवता येत नाही, बोलणं थांबवता येतं. आणि न समजलेला रुग्ण सुई घेऊन, गोळ्या अर्ध्यावर सोडून, महिन्याभरात आणखी बिघडून त्याच वॉर्डात परत येतो. कळलेला कागद हाही वॉर्डातली गर्दी थोडी कमी करायचा एक उपाय आहे.

कागद कळला की नाही हे पाहायची रीत जुनीच आहे, तिला यंत्र लागत नाही. सांगून झालं की उलटं विचारायचं. ‘आजी, सांगा बरं, उद्या सकाळी जेवायच्या आधी कुठली गोळी घ्यायची?’ ‘ती पांढरी.’ पिशवीत पांढऱ्या गोळ्या तीन आहेत. अशा वेळी पाकिटावर पेनानं सूर्य काढून देणारी परिचारिका मी पाहिली आहे, आणि ते चित्र कुठल्याही एआयच्या परिच्छेदापेक्षा उपयोगी होतं. यंत्रानं वाचवलेला वेळ असा उलट विचारण्यात गेला पाहिजे. तो जर पुढचा रुग्ण आत ढकलण्यात गेला तर सोप्या कागदाचा हेतूच हरला.

सुरुवात कुठून करायची? विष्णुपुरीचं महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या दोन ठिकाणांहून, आणि तीनच कार्डांपासून : किडनी, बाळंतीण आणि क्षय. या तिन्हींत घरी गेल्यावरच्या सांभाळावर पुढचं बरंच ठरतं. काम करायला माणसंही तिथंच आहेत. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच स्थानिक भाषा आणि संवादाचा भाग आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहायचं आहे. आज ही भेट पुष्कळदा वजन-रक्तदाबाच्या नोंदीवर संपते. त्याऐवजी विद्यार्थ्यानं घरातली ती कागदांची पिशवी उघडायला सांगावी. यंत्रानं लिहिलेली, डॉक्टरनं सही केलेली चिठ्ठी त्या घरात कोणी वाचली, कोणाला ऐकवली, कुठल्या वाक्याला ‘म्हणजे काय?’ असं विचारलं गेलं, कुठली गोळी कधी बंद झाली, गावातल्या डॉक्टरला कार्ड दाखवलं की नाही, हे टिपून आणावं. भावी डॉक्टर पहिल्या वर्षापासून आपल्याच आईच्या भाषेत आजार सांगायला शिकेल, आणि यंत्राची चुकीची मराठी सुधारायला खरी सामग्री मिळेल.

ज्या वाक्यानं घात होतो ते दर महिन्याला बदललं पाहिजे. ते बदलण्याचा अधिकार औषधशास्त्राच्या विभागप्रमुखाइतकाच आशाताईंनाही द्यावा. दवाखान्यातून सुटलेली बाई कार्ड घेऊन पहिल्यांदा त्यांच्याच दारात जाते, आणि ते वाक्य तिला कळलं नाही हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.